हिरवा ठिपका लावण्याआधी टेप लावा

माझ्या व्हीलचेअरची रुंदी ६४ सेंटिमीटर आहे. चाक फिरवताना दोन्ही बाजूंना बोटं बाहेर येतात, ती धरली तर ७२. पायटेकणीसकट लांबी १०८. कोल्हापुरात मी कुठे जाऊ शकते आणि कुठे नाही, ते या तीन आकड्यांवर ठरतं. म्हणून व्हीलचेअर जाऊ शकेल अशा जागांची नकाशावर नोंद कशी करायची हे सांगताना मी सुरुवात टेपपासून करते. ॲपचं नंतर बघू.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसात, मला सोनोग्राफीला जायचं होतं. फोनवरच्या नकाशात त्या केंद्रासमोर व्हीलचेअरचं चिन्ह होतं, म्हणून मी फोन करून विचारलं नाही. सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन, रिक्षात बसून, मागे घडी घातलेली खुर्ची घेऊन आम्ही पोचलो. दारात दोन पायऱ्या. पावसाने ओल्या, गुळगुळीत ग्रॅनाइटच्या. आतून तीन माणसं धावत आली, माझा भाऊ चौथा. "उचलूया की, त्यात काय!" म्हणत एकाने खुर्ची हाताच्या टेकणीला धरून उचलली. ही टेकणी निघणारी असते, बाजूने रिक्षात सरकता यावं म्हणून. ती त्याच्या हातात आली आणि खुर्ची डावीकडे कलली. भावाने चौकट धरली म्हणून मी पायरीवर पडले नाही. त्यानंतर तासभर तिथे बसले होते, आणि संडासाचं दार ५८ सेंटिमीटरचं होतं.

ज्याने ते चिन्ह लावलं तो माणूस वाईट नव्हता. कुणीतरी विचारलं असेल, "व्हीलचेअर जाते का?" आणि त्याने आठवून "हो" सांगितलं असेल. चालत जाणाऱ्याच्या लक्षात दोन पायऱ्या राहत नाहीत. म्हणून माझं एकच मागणं आहे: आठवून भरू नका, मोजून भरा. नकाशावर माहिती नसली तर मी फोन करून विचारते. चुकीची माहिती असली तर मी थेट दारात जाऊन पोचते.

कुठे भरायचं

मी ओपनस्ट्रीटमॅपवर भरते. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे आणि कुणालाही मोफत वापरता येतो. त्याच माहितीवर बर्लिनच्या सोत्सियालहेल्डन या संस्थेचा व्हीलमॅप २०१० पासून चालतो. त्यात प्रत्येक जागेला सिग्नलसारखा रंग असतो: हिरवा, पिवळा, लाल, आणि माहिती नसेल तर राखाडी. व्हीलमॅप सुरू करणाऱ्यांपैकी राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. आपण दरवेळी त्याच कॅफेत का भेटतो, असं मित्राने विचारलं आणि त्यातून हे काम उभं राहिलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातले वाढदिवस आठवले. कितीतरी वर्षं आम्ही एकाच हॉटेलात जात होतो. तिथलं जेवण कुणालाच फार आवडत नव्हतं, पण दारात पायरी नव्हती.

आधी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा. ईमेल पुरतो. टोपणनाव घ्या, कारण तुम्ही कधी, कुठे, काय भरलं ते त्या नावासकट सगळ्यांना दिसतं. बाया-मुलींनी तर हे नक्की करावं. घरासमोरचंच दुकान सगळ्यांत आधी भरू नका.

अँड्रॉइड फोनवर सुरुवातीला स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप सोपं पडतं. तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या जागांबद्दल ते एकेक प्रश्न विचारतं आणि तुम्ही उत्तर देता. सेटिंगमध्ये जाऊन व्हीलचेअरचे प्रश्न सुरू आहेत ना तेवढं बघा. आमच्या गल्ल्यांत मात्र निम्मी दुकानं नकाशावर नसतातच. नवीन जागा टाकायला मला एव्हरी डोअर बरं वाटतं. ते आयफोनवरही चालतं. दुकानाचं नाव पाटीवर मराठीत असेल तर मराठी नावाच्या रकान्यात ते तसंच, ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहा.

गुगल मॅप्सवरही ही माहिती भरता येते आणि भरावी, कारण बहुतेकांच्या फोनमध्ये तेच असतं. पण तिथलं बघून ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवू नका. तशी परवानगी नाही, आणि दुसऱ्याची चूकही त्यासोबत येते. दोन्हीकडे स्वतः पाहिलेलंच भरा.

टेप काढण्याआधी बोला

पाच मीटरचा स्टीलचा टेप घ्या, गवंडी वापरतात तो. कापडी टेप पायरीवर सरळ उभा राहत नाही. फोन, पॉवर बँक, एक छोटी वही. एवढंच.

दुकानासमोर कुणी टेप ताणला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो अतिक्रमणवाल्यांचा. गटारीवरची फरशी, पुढे काढलेला कट्टा, पत्र्याची शेड, सगळ्यांना सगळं माहीत असतं. राजारामपुरीत एका भांड्यांच्या दुकानात माझा भाचा न विचारता मोजायला वाकला, तर आतून काका तरातरा बाहेर आले. "महापालिकेतनं आलाय काय?" मी खुर्ची पुढे घेतली. म्हटलं, "नाही काका. माझ्यासारख्या माणसाला तुमच्या दुकानात येता येईल का, ते नकाशावर लिहितोय." ते थोडा वेळ पायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझी आई धा वर्सं झाली दुकानात आली न्हाई. गुडघं. दारातनंच बघून जाती." आणि त्यांनी भाच्याच्या हातातून टेपचं टोक घेऊन स्वतः पायरीच्या मुळाशी धरलं. २१ सेंटिमीटर.

तर आधी नमस्कार, मग कारण, मग टेप. दवाखाना, शाळा, बँक असेल तर आतल्या जबाबदार माणसाला विचारूनच आत मोजा. फोटोत टेपचा आकडा दिसला पाहिजे, गिऱ्हाइकांचे चेहरे नकोत.

काय मोजायचं

पहिली पायरी रस्त्यापासून मोजा. ऐकायला साधं वाटतं, पण इथेच लोक चुकतात. आमच्याकडे रस्ता, मग गटार, गटारीवर कडप्पा किंवा सिमेंटची फरशी, मग कट्टा, मग दुकानाचं जोतं असं चढत जातं. लोक दुकानाच्या दारातली एकच पायरी मोजतात. मला मात्र रस्त्यावरून फरशीवर चढायचं असतं, तो टप्पा आधीच १० सेंटिमीटरचा असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरीच्या बाजूला काही जणांनी जोतं आणखी उचललेलं मी पाहिलंय. त्यांचं चूक नाही, पण पायरी वाढली ती वाढलीच. जितके टप्पे, तितके आकडे वहीत लिहा. गटारीवरच्या फरशांमधली फटही बघा. दोन बोटं सहज जाईल एवढी फट असेल तर पुढचं लहान चाक त्यात अडकतं आणि माणूस तोंडावर जातो.

मग उंबरा. तीन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरा मी जोर लावून एकटी पार करते. पाच असेल तर मागून कुणीतरी खुर्ची कलती करावी लागते. संगमरवरी उंबऱ्याची कड गोल आहे की धारदार, हेही लिहा.

दाराची रुंदी म्हणजे भिंतीतल्या चौकटीची रुंदी नव्हे. दार पूर्ण उघडा आणि उघडलेल्या दाराच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. खुर्ची जाते ती तेवढ्यातूनच. दोन पाखांचं काचेचं दार असेल तर एक पाख बहुधा वर-खाली कडी लावून कायमचं बंद असतं. ते उघडतात का, विचारा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराला ९० सेंटिमीटर मोकळी जागा सांगितली आहे. मला ७५ मध्ये जमतं, पण माझी खुर्ची अरुंद आहे. म्हणून "दार पुरेसं रुंद" असं लिहू नका, आकडा लिहा. ज्याची खुर्ची ७० ची आहे तो त्याचं बघेल.

रॅम्प. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण "रॅम्प आहे" या दोन शब्दांनी माझा सगळ्यांत जास्त घात केलाय. उताराचं प्रमाण १ ला १२ हवं. पायरी जितकी उंच, तिच्या बारापट लांब रॅम्प. १४ सेंटिमीटरच्या पायरीला १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. आमच्याकडे दिसतो तो लोखंडी पत्र्याचा रॅम्प दुचाकी आत घ्यायला केलेला असतो: ३० सेंटिमीटर उंची, ९० लांबी. त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरताना उलटं उतरावं लागतं. मोजायला वेळ नसेल तर फोनमधली पाणसळ रॅम्पवर ठेवा. १ ला १२ म्हणजे पाच अंशांच्या किंचित खाली. सात अंशांपर्यंत मागे एक धट्टाकट्टा माणूस असला तर जमतं. त्यापुढे मी स्वतः जात नाही आणि कुणाला जा म्हणून सांगणार नाही. रॅम्प जिथे संपतो तिथे दारासमोर सपाट जागा आहे का, तेही बघा. उतारावर खुर्ची एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दार ओढता येत नाही.

लिफ्ट आहे असं कळलं की लोक खूश होऊन पुढे जातात. थांबा. आमच्या अपार्टमेंट-कॉम्प्लेक्समध्ये खाली पार्किंग असतं, आणि लिफ्टचं दार पाच पायऱ्या चढल्यावर येतं. किती दंतवैद्य, किती सीए, किती क्लासेस या पाच पायऱ्यांमुळे माझ्यासाठी बंद आहेत! लिफ्टपर्यंतचा रस्ता पाहा, दार मोजा, आतली खोली मोजा. माझ्या खुर्चीला ११० तरी लागते, आणि सोबतच्या माणसाला उभं राहायला त्याहून जास्त. जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर तसं लिहा, कारण ते दार बसून एका हाताने ओढणं कठीण असतं.

संडास स्वतः उघडून बघा. दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र आणि आत बादल्या, फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चित्रावर विश्वास ठेवत नाही. किल्ली कुणाकडे असते? दार आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. कमोड आहे का, बाजूला धरायचा दांडा आहे का, तो हलतो का, खुर्ची वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा आहे का, बेसिनखाली गुडघे जातात का. संडासाची नोंद नकाशावर दुकानाच्या नोंदीपेक्षा वेगळी असते, ती वेगळीच भरा. घरून निघावं की नाही हे मी बऱ्याचदा याच एका नोंदीवर ठरवते.

रंग कोणता द्यायचा

ओपनस्ट्रीटमॅपवर व्हीलचेअरच्या रकान्यात येस, लिमिटेड किंवा नो असं उत्तर असतं. व्हीलमॅपवर त्याचेच हिरवा, पिवळा, लाल होतात. हिरवा: दारात पायरी नाही आणि आत सगळीकडे पायरीविना जाता येतं. पिवळा: दारात फार तर एक पायरी, तीही सात सेंटिमीटरच्या आतली, आणि मुख्य जागेपर्यंत आत जाता येतं. बाकी सगळं लाल.

सात सेंटिमीटर हे जर्मनीतल्या लोकांनी ठरवलेलं माप आहे. आमच्याकडे साधी पायरी पंधराची असते. म्हणजे प्रामाणिकपणे भरलं तर अख्खी गल्ली लाल होते. पहिल्या दिवशी माझा भाचा कळवळून म्हणाला, "आत्या, एवढं लाल कसं चालेल? ते काका तर किती चांगले होते." काका चांगले होते. पण पायरी २१ सेंटिमीटरची आहे. लाल रंग माणसाला दिलेला नाही, पायरीला दिलाय. "आम्ही उचलून घेतो की" म्हणणारे लोक मनापासून म्हणतात, आणि त्यांचा मला राग येत नाही. पण मला उचलावं लागणार असेल तर ती जागा लालच.

किराणा दुकानाचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच मार्गदर्शिकेत मला सापडला नाही, म्हणून मी माझा नियम केला. सगळीच गिऱ्हाइकं रस्त्यावर उभी राहून फळीवरून माल घेत असतील आणि मी त्या फळीपर्यंत पोचत असेन, तर हिरवा. मी सगळ्यांसारखीच गिऱ्हाईक आहे. पण बाकीचे आत जाऊन हात लावून, वास घेऊन, दोन साड्या शेजारी ठेवून बघतात आणि मला एकटीला बाहेर आणून दाखवतात, तर लाल. मालक कितीही आपुलकीने दाखवत असला तरी.

देवळात विचारा की चाकाची खुर्ची आत चालते का. काही ठिकाणी उंबरा नसतो, पण बाहेरची खुर्ची आत नको म्हणतात. तसं असेल तर ते शब्दांत लिहा.

आणि रंगापेक्षा हे शब्दच कामाचे असतात. व्हीलचेअरच्या वर्णनाचा वेगळा रकाना असतो, तिथे मी असं लिहिते: "रस्त्यापासून फरशी ९ सेंमी, दारात १ पायरी १४ सेंमी. दार ८२. आत सपाट. मागितल्यावर लाकडी फळी लावतात, उतार जास्त. संडास नाही." एका नोंदीत २५५ अक्षरं मावतात, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणून "अतिशय सुंदर व प्रशस्त" यावर जागा घालवू नका. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरच्या राज्यांतून माणसं येतात, त्यांच्यासाठी जमल्यास तेच आकडे इंग्रजीतही भरा.

रस्त्यावरची दोन कामं

दुकानं भरून झाली की फुटपाथकडे बघा. तिथे दोनच गोष्टी आधी टिपा. पहिली, फुटपाथ जिथे रस्त्याला मिळतो ती कड: सपाट, तीन सेंटिमीटरपर्यंत उतरवलेली, की उंच. स्ट्रीटकम्प्लीट हे विचारतं. दुसरी, दुचाक्या चढू नयेत म्हणून पुरलेले खांब. दोन खांबांमधलं अंतर मोजा. एका नव्या, छान फरसबंदीच्या फुटपाथवर ते ६० सेंटिमीटर निघालं. दुचाक्या शेजारून चढत होत्या, आणि मी बसगाड्यांच्या बाजूने रस्त्यावर. खांब नकाशावर टाकून मधली रुंदी लिहिली की आपल्यासारखी माणसं आधीच दुसरा रस्ता धरतात.

नकाशात भरणं आणि तक्रार करणं ही दोन वेगळी कामं. सार्वजनिक इमारत असेल तर टेप दिसणारा तोच फोटो केंद्र सरकारच्या सुगम्य भारत ॲपवर टाका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि प्रवेशसुलभतेचे नियम ऐच्छिक राहू शकत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं आहे. तक्रारीत आकडा असला की "बघतो" म्हणून टाळणं अवघड जातं.

चौघांनी जा. एक बोलायला, एक मोजायला, एक फोनवर भरायला, आणि चौथी व्यक्ती खुर्चीत बसणारी. तिला दिखाव्यापुरतं नेऊ नका. वाद पडला तर तिचं मत शेवटचं. सकाळी साडेदहाला निघा, दुकानं उघडलेली असतात आणि गर्दी नसते. दोन तासांत एका गल्लीची एक बाजू होते. सणाच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका, मालक वैतागतात. एकदा पावसाळ्यातही त्याच गल्लीत फेरी मारा. उन्हाळ्यात बाहेर असलेला लोखंडी रॅम्प पावसात आत उचलून ठेवलेला असतो.

भरलेली नोंद शिळी होते, म्हणून तपासल्याची तारीखही लिहा. त्यासाठी रकाना आहे. रस्ता खोदला की गटारीवरची फरशी जाते, रस्त्यावर नवा थर टाकला की पायरी कमी होते. वर्षातून एकदा तरी फिरून या.

ज्या केंद्रात माझी टेकणी निघाली होती, तिथे मी नंतर जाऊन मोजलं: पायऱ्या १७ आणि १६ सेंटिमीटर, कठडा नाही. लाल भरलं, वर्णन लिहिलं, आणि तिथल्या व्यवस्थापकांना फोटो दिला. सहा महिन्यांनी भावाने सांगितलं, तिथे रॅम्प झालाय. गेलो. चकचकीत टाइल्सचा, एका बाजूला स्टीलचा कठडा. ३३ सेंटिमीटर उंचीला १४० लांबी, फोन ठेवला तर तेरा अंश. व्यवस्थापक बाहेर येऊन उभे होते, त्यांना वाटलं मी आनंदाने वर जाईन. मी त्यांना सांगितलं की रॅम्प ३९६ सेंटिमीटर लागेल. ते म्हणाले, समोर तेवढी जागा कुठे आहे? सरळ नाही, पण भिंतीला लागून नेला आणि मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा देऊन वळवला तर बसतो. पावतीच्या मागे मी तसं काढून दिलं, मापांसकट. नकाशावर लाल तसाच ठेवला आणि वर्णन बदललं: "रॅम्प आहे, १३ अंश, टाइल्स निसरड्या, दोन माणसं लागतात." माझी पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. टेप घेऊन जाणार आहे.